सीडी उघडते, पण बोलत नाही: गिरगावातल्या एका अभ्यासिकेतलं प्रकरण

गिरगावातल्या एका जुन्या चाळीत तळमजल्यावर मंडळाची अभ्यासिका आहे. संध्याकाळी पाचवी ते सातवीची मुलं तिथे बसतात आणि एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका त्यांचा अभ्यास घेतात. त्या माझ्याही बाई. त्यांच्याकडे नव्वदच्या दशकाच्या अखेरीला घेतलेली मानवी शरीरावरची एक मराठी शैक्षणिक सीडी आहे. हृदय, फुप्फुसं, पचनसंस्था, डोळा आणि कान असे पाठ, हलती चित्रं, अतिशय संथ आणि स्वच्छ मराठीतलं निवेदन, काही छोटे व्हिडिओ आणि प्रत्येक पाठाच्या शेवटी प्रश्न. संगणकही त्याच काळातला, एका ऑफिसनं बदलून टाकताना मंडळाला दिलेला: पेंटियम प्रोसेसर, ३२ एमबी रॅम, १.२ जीबीची हार्ड डिस्क, विंडोज ९५, काचेच्या नळीचा मॉनिटर. ही सीडी या संगणकावर नीट चालावी, एवढंच काम होतं.

अडचण अशी की ती चालते असं सगळेच सांगत होते. बाईंच्या भाच्यानं ती लावून दिली होती. सीडी आत टाकली की मुख्य पडदा यायचा, बटण दाबलं की टक असा आवाज यायचा, पाठ उघडायचा. येणारा-जाणारा तेवढं बघून मान डोलवायचा. मुलं मात्र दहा मिनिटांत कंटाळून उठायची. शेजारी बसून एक पाठ शेवटपर्यंत पाहिला तेव्हा कारण समजलं. निवेदन अजिबात नव्हतं. मराठी मजकुराच्या जागी डोक्यावर टिंबं आणि मात्रा असलेली इंग्रजी अक्षरं होती. हृदयाच्या चित्रात रक्त वाहायला हवं ते गोठून बसलं होतं. व्हिडिओ दर दोन सेकंदांनी अडखळत होता.

चारही बिघाडांची कारणं वेगळी निघाली आणि म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं. मल्टिमीडिया सीडीतला मजकूर, चित्रातली हालचाल, आवाज आणि व्हिडिओ वेगवेगळ्या वाटांनी आपल्यापर्यंत पोचतात. एक वाट मोकळी आहे म्हणून दुसरीही असेल असं धरून चालत नाही. मुख्य पडदा दिसला की काम संपलं असं मानलं जातं, पण खरी तपासणी तिथून पुढे असते.

नवा लॅपटॉप का घेतला नाही, हा प्रश्न मंडळाच्या सभेत आलाच. त्याचं उत्तर सरळ आहे. हल्लीच्या ६४-बिट विंडोजमध्ये १६-बिट प्रोग्रॅम चालवण्याची सोयच नाही. या सीडीचं सेटअप १६-बिट आहे, कारण पाकिटावर लिहिल्याप्रमाणे ती विंडोज ३.१ आणि विंडोज ९५ अशा दोन्हींवर चालावी म्हणून बनवली होती. नव्या लॅपटॉपवर ते उघडतच नाही. नव्या संगणकात जुन्या संगणकाची नक्कल चालवणारे ८६बॉक्ससारखे प्रोग्रॅम आहेत, त्यांच्याकडे शेवटी येईनच. पण बाईंना मुलांसमोर एक संगणक हवा होता, ज्यात इंटरनेट नाही, जाहिरात नाही, पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होत नाही. ‘‘हृदयाचा धडा लावला तर हृदयच दिसायला हवं,’’ हे त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

आधी वीज

सीडीकडे वळण्याआधी वेगळंच काम निघालं. पहिल्याच दिवशी सातवीतला एक मुलगा म्हणाला, ‘‘ताई, डब्याला हात नका लावू, करंट मारतो.’’ कॅबिनेटच्या पत्र्याला बोटाची मागची बाजू लावली तर खरंच झिणझिण्या येत होत्या. चाळीतला प्लग दोन पिनांचा होता आणि संगणकाची तीन पिनांची वायर अडॅप्टर लावून त्यात बसवली होती. म्हणजे अर्थिंग नव्हतंच.

संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये, ज्याला दुकानदार एसएमपीएस म्हणतात, विजेतला गोंगाट गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेजकडून पत्र्याकडे, दुसरा न्यूट्रलकडून पत्र्याकडे. अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारा किंचित करंट जमिनीत जातो. नसेल तर पत्रा २३० व्होल्टच्या साधारण निम्म्या दाबावर तरंगत राहतो. करंट अगदी कमी असल्यामुळे फक्त झिणझिण्या येतात आणि लोक त्याची सवय करून घेतात. खरा धोका पुढचा आहे. उद्या आतली एखादी वायर सोलून पत्र्याला टेकली तर तो करंट जायला मुलाच्या हाताशिवाय दुसरी वाट उरत नाही. ज्या खोलीत मुलं बसतात तिथे हे काम आधी झालंच पाहिजे. मंडळानं वायरमन बोलावला, मीटरच्या बोर्डापासून अर्थिंगची वायर ओढून घेतली, तीन पिनांचा प्लग बसवला आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच, लावला. झिणझिण्या थांबल्या. स्पीकरमधली सततची घरघरही बरीच कमी झाली.

अशा जुन्या धाटणीच्या, एटी म्हटल्या जाणाऱ्या कॅबिनेटबद्दल आणखी दोन गोष्टी सांगून ठेवते. पुढच्या पॉवर बटणापर्यंत थेट २३० व्होल्टच्या वायरी आलेल्या असतात, त्यामुळे नुसतं बटण बंद करून डबा उघडायचा नाही, प्लगच काढायचा. आणि मागच्या बाजूला ११५ आणि २३० असं लिहिलेलं लाल सरकतं बटण असतं. कुणा मुलानं ते गमतीनं ११५ कडे सरकवलं तर एसएमपीएस धडाम करून जातो. आम्ही ते २३० वर ठेवून त्यावर चिकटपट्टी मारली.

मदरबोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलेला होता, त्यामुळे संगणक दर वेळी तारीख आणि हार्ड डिस्कची नोंद विसरायचा. नवा सेल घातला आणि बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये, हार्ड डिस्क ऑटो डिटेक्ट केली. इथे डिस्कवरच्या जागा मोजण्याच्या पद्धतींचे नॉर्मल, लार्ज आणि एलबीए असे पर्याय येतात. डिस्क मुळात ज्या पर्यायावर तयार केली असेल तोच निवडावा लागतो, नाही तर आतला डेटा वाचता येत नाही. आमची एलबीएवर होती.

सीडी हातात घेऊन पाहणं

मुंबईच्या हवेत सीडी पंचवीस वर्षं टिकली हेच मोठं. चार महिने पाऊस, समुद्र चालण्याच्या अंतरावर, कपाट भिंतीला लागून. कडेला बुरशीची बारीक जाळी धरली होती. साबणाचा थेंब टाकलेल्या साध्या पाण्यात ती धुतली आणि मऊ सुती कापडानं मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत पुसली. गोल फिरवून पुसायची नाही, यामागे पक्कं कारण आहे. माहितीची वाट सीडीवर गोल गोल फिरत जाते. त्या वाटेला आडवा ओरखडा गेला तर थोडीच माहिती तुटते आणि सीडीची चूकदुरुस्ती ती भरून काढते, वाटेच्या लांबीवर साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतचं नुकसान ती पूर्ण सुधारू शकते. वाटेला समांतर ओरखडा गेला तर सलग मोठा तुकडाच जातो. आणखी एक गोष्ट बाईंना मुद्दाम दाखवली: चमकणारी बाजू आपण जपतो, पण नाजूक बाजू छापील नावाची. खालून १.२ मिलिमीटर जाडीचं प्लॅस्टिक असतं, तर वर चकाकीच्या थरावर फक्त लाखेचा पातळ लेप आणि शाई असते. म्हणून वरून बॉलपेननं लिहू नये आणि चिकटवलेला कागद ओढून काढू नये.

धुतलेली सीडी ट्यूबलाइटखाली तिरकी धरली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. सीडीवरची माहिती आतून बाहेर भरत जाते आणि जिथे ती संपते तिथे चकाकीचा रंग बदलतो. या सीडीवर भरलेलं कडं जवळजवळ काठापर्यंत गेलेलं होतं. पण भाच्यानं सीडीतल्या सगळ्या फायली पेन ड्राइव्हवर घेतल्या होत्या आणि त्यांची बेरीज २१० एमबीच्या आसपास भरत होती. ६५० एमबीच्या सीडीचा तो एक तृतीयांशही होत नाही. मग उरलेल्या जागेत काय आहे?

उत्तराचा अंदाज तिथेच आला होता. त्या काळातल्या बऱ्याच शैक्षणिक सीडींमध्ये पहिला ट्रॅक डेटाचा आणि त्यापुढचे ट्रॅक गाण्यांच्या सीडीसारखे शुद्ध आवाजाचे असत. विंडोज एक्सप्लोररला फक्त पहिला ट्रॅक दिसतो. आवाजाचे ट्रॅक म्हणजे फायली नाहीतच, त्यामुळे कॉपी-पेस्ट केलं की ते मागेच राहतात आणि कुठलीही सूचना येत नाही. सीडीची एका फायलीतली प्रत, म्हणजे आयएसओ फाईल, केली तरी तेच होतं, तिच्यात डेटाचाच ट्रॅक येतो. अशा सीडीची पूर्ण प्रत हवी असेल तर बिन आणि क्यू या जोडफायलींच्या रूपात घ्यावी लागते. क्यू फायलीत कुठला ट्रॅक कुठून सुरू होतो याची नोंद असते.

म्हणून काहीही करण्याआधी नव्या लॅपटॉपला यूएसबी ड्राइव्ह लावून तशी प्रत घेतली. वेग कमीत कमी ठेवला आणि आवाजाचे ट्रॅक दोनदा वाचून एकमेकांशी ताडून पाहिले. डेटाच्या ट्रॅकमध्ये दर सेक्टरला २३५२ पैकी २०४८ बाइट माहितीचे असतात आणि उरलेल्यांत बहुतांश जादा चूकदुरुस्ती असते. आवाजाच्या ट्रॅकमध्ये सगळेच्या सगळे २३५२ बाइट आवाजाला दिलेले असतात. त्यामुळे डेटा चुकला तर ड्राइव्ह तक्रार करतो, आवाज चुकला तर गुपचूप अंदाजानं भरून टाकतो. ताडून पाहिल्याशिवाय ते कळायचं नाही.

विकत घेतलेल्या प्रोग्रॅमची हरवण्या-बिघडण्यापासून संरक्षण म्हणून प्रत ठेवायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ परवानगी देतं, त्यामुळे बाईंच्या मनातली ती शंकाही मिटली. अट एवढीच की मूळ प्रत कायदेशीर हवी आणि राखीव प्रत त्याच कामासाठी हवी. वाटत सुटायचं नाही.

आवाज

भाच्यानं आवाजासाठी भरपूर मेहनत घेतली होती. साऊंड कार्डाचा ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, कार्डाचा स्लॉट बदलला, स्पीकर बदलले. हे सगळं टाळता आलं असतं, कारण संगणक स्वतःच कारण सांगत होता. बटणाचा टक आवाज येत होता. व्हिडिओतला आवाजही येत होता. हे दोन्ही आवाज फायलींमधून वाचले जातात, प्रोसेसरमधून साऊंड कार्डाकडे जातात आणि तिथून स्पीकरला. म्हणजे ड्रायव्हर, कार्डाची सेटिंग्ज, कार्ड आणि स्पीकर सगळं ठीक होतं. फक्त निवेदन नव्हतं, याचा अर्थ निवेदनाची वाट यापेक्षा निराळी असणार.

त्या काळात आवाजाचा ट्रॅक वाजवण्यात प्रोसेसरचा हात जवळजवळ नसे. प्रोग्रॅम ड्राइव्हला एवढंच सांगायचा की अमुक ट्रॅक अमुक सेकंदापासून वाजव. ड्राइव्ह ते स्वतः वाचून, स्वतःच त्याचा आवाज बनवून मागच्या बाजूच्या चार पिनांच्या छोट्या कनेक्टरमधून बाहेर द्यायचा, आणि तिथून एक बारीक वायर साऊंड कार्डावरच्या सीडी-इन या जागी यायची. डेटाची रुंद पट्टी वेगळी, ही वायर वेगळी.

यासाठी डबा न उघडता करता येणारी एक परीक्षा आहे. जुन्या सीडी ड्राइव्हच्या तोंडावर, ट्रेच्या खाली, इअरफोनचं भोक आणि आवाज कमी-जास्त करायचं छोटं चाक असतं. त्याचा उपयोग काय, हे आज कुणी विचारतही नाही. मी हृदयाचा पाठ सुरू केला, एका मुलाला त्याच्या मोबाइलचा इअरफोन ड्राइव्हच्या भोकात घालायला सांगितलं आणि चाक फिरवलं. तो दोन क्षण गप्प राहिला आणि मग ओरडलाच, ‘‘बाई, आत बोलतायत! हृदय आपल्या मुठीएवढं असतं म्हणतायत!’’ बाईंनी इअरफोन स्वतःच्या कानाला लावला आणि पाठ संपेपर्यंत काढला नाही.

ड्राइव्ह बोलत होता, त्याचं बोलणं कार्डापर्यंत पोचत नव्हतं. प्लग काढून डबा उघडला. ड्राइव्हच्या मागे डेटाची पट्टी होती, वीज होती आणि ऑडिओची जागा रिकामी. कार्डावरचं सीडी-इनही रिकामं. हा ड्राइव्ह संगणकातला मूळचा नव्हता, केव्हातरी बदललेला होता. बदलताना पट्टी आणि वीज जोडली, फायली दिसायला लागल्या, झाकण बंद. ऑफिसच्या कामाला तेवढं पुरेसं होतं, म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नाही.

वायर मिळवणं हे गिरगावात राहण्याचं सुख. डॉ. भडकमकर मार्ग, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराचा आपला लॅमिंग्टन रोड, चालत गाठता येतो. नव्या मालाच्या दुकानांत मान हलवली जाते, पण दुरुस्तीची कामं करणाऱ्या एका छोट्या गाळ्यात खणातल्या गुंत्यातून ती निघाली. घेताना दोन गोष्टी बघायच्या. ड्राइव्हकडच्या टोकाचं कनेक्टर मोठं आणि ठरलेल्या मापाचं असतं, पण जुन्या कार्डांवरचं टोक कधी बारीक असतं. आणि तारांचा क्रम. नेहमीचा क्रम डावा आवाज, मध्ये दोन ग्राउंड, उजवा आवाज असा. काही जुन्या कार्डांवर तो निराळा असतो आणि वायर बसूनही आवाज एकाच कानात येतो किंवा येतच नाही. मल्टिमीटरनं टोकं तपासूनच वायर लावली.

तरीही स्पीकर गप्प होता, पण हे अपेक्षितच होतं. खालच्या पट्टीतल्या स्पीकरच्या चित्रावर दोनदा क्लिक केलं की विंडोज ९५ चा मिक्सर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचा तक्ता, उघडतो. त्यात वेव्हची, म्हणजे फायलींमधल्या आवाजाची, दांडी वेगळी आणि सीडीची वेगळी. सीडीच्या खाली म्यूटवर बरोबरची खूण होती. ती काढली आणि खोलीत निवेदन घुमलं. मग वेव्हची दांडी निम्म्यावर आणली, नाही तर बटणाचा टक आवाज निवेदनापेक्षा मोठा येत होता.

या रचनेचा एक परिणाम मुलांना समजावून सांगावा लागला. ड्राइव्हला एकच लेझर डोळा असतो. तो आवाज वाजवत असताना फायली वाचू शकत नाही. म्हणून सीडी बनवणाऱ्यांनी प्रत्येक पाठात आधी चित्रं मेमरीत घेऊन ठेवली आहेत आणि मगच निवेदन सुरू होतं. पाठ उघडल्यावर आठ-दहा सेकंद काहीच होत नाही ते यामुळे. तो बिघाड नाही. पण त्या वेळात अधीर होऊन कुणी दुसरं बटण दाबलं की डोळा तिकडे धावतो आणि बोलणं मध्येच तुटतं. आता मुलं एकमेकांचे हात धरून थांबवतात. नव्या विंडोजमध्ये हा आवाज डेटाच्या केबलमधूनच घेतला जातो, त्यामुळे ही वायर लागत नाही. विंडोज ९५ ला मात्र ती हवीच.

मराठी अक्षरं

मजकूर बिघडण्याचं कारण लवकर सापडलं. त्या काळी विंडोजमध्ये देवनागरीची सोय नव्हती. विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी आणि मंगल फाँट आला. त्याआधीचे मराठी प्रोग्रॅम इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेला स्वतःचा फाँट वापरत. काना एका जागी, अर्धा क दुसऱ्या, वेलांटी तिसऱ्या. तो फाँट संगणकात नसेल तर विंडोज त्या जागांवरची मूळ इंग्रजी अक्षरं दाखवतं. त्यामुळे दुसरा कुठलाही मराठी फाँट टाकून उपयोग नाही, त्याच सीडीचा फाँट हवा.

तो सीडीवरच होता. सेटअप पूर्ण न करता मुख्य प्रोग्रॅम थेट सीडीवरून चालवला जात होता, म्हणून तो विंडोजच्या फाँट्स फोल्डरमध्ये पोचलाच नव्हता. सेटअप अर्ध्यावर का थांबायचं? जागा संपायची. १.२ जीबीच्या डिस्कचा, फॅट१६ या जुन्या मांडणीचा एकच विभाग केलेला असला की प्रत्येक फाईल कमीत कमी ३२ केबी जागा अडवते, मग ती आतून दोन केबीची का असेना. पाठांमधली शेकडो छोटी चित्रं अशी फुगून बसतात. सेटअपमध्ये पूर्णऐवजी किमान हा पर्याय निवडला. त्यात प्रोग्रॅम आणि फाँट तेवढे हार्ड डिस्कवर येतात, बाकी सगळं सीडीवरून वाचलं जातं. निवेदनासाठी सीडी आत ठेवायचीच आहे, त्यामुळे पूर्ण सेटअपनं फारसं काही साधलंही नसतं.

गोठलेलं रक्त

इथे मला सगळ्यात जास्त आनंद झाला. भाच्यानं चित्रं चांगली दिसावीत म्हणून पडदा ८०० बाय ६०० आणि हाय कलरवर, म्हणजे हजारो रंगांच्या सेटिंगवर, नेला होता. ग्राफिक कार्डावर १ एमबी मेमरी आहे, म्हणजे १०,४८,५७६ बाइट, आणि या सेटिंगला ९,६०,००० लागतात, त्यामुळे ते बसतही होतं. पाकिटावर मात्र २५६ रंग असं स्पष्ट छापलेलं आहे. वाचणाऱ्याला वाटतं की ही किमान गरज असेल, जास्त रंग असले तर उत्तमच.

पण २५६ रंगांत पडद्यावरचा प्रत्येक ठिपका रंग साठवत नाही, क्रमांक साठवतो. कोणत्या क्रमांकाला कोणता रंग, याचा तक्ता वेगळा असतो. चित्रकारानं रक्तवाहिनीतल्या ठिपक्यांना ओळीनं क्रमांक दिले आहेत आणि प्रोग्रॅम चित्राला हातही न लावता फक्त तक्त्यातले रंग एकेक घर पुढे सरकवतो. गणपतीच्या रोषणाईतल्या पळत्या माळेत दिवे जागच्या जागी असतात आणि उजेड मात्र धावतो, तसं. कमी ताकदीच्या संगणकावर सलग हालचाल दाखवण्याची ती फार हुशार युक्ती होती. हाय कलरमध्ये प्रत्येक ठिपका स्वतःच रंग साठवतो, तक्ता नसतोच, आणि रक्त थांबतं. ६४० बाय ४८० आणि २५६ रंग केले, संगणक पुन्हा सुरू केला. निळं रक्त उजव्या कप्प्यांतून फुप्फुसांकडे निघालं, लाल होऊन डाव्या कप्प्यात परतलं. त्याच वेळी निवेदनात तेच सांगितलं जात होतं. बाईंना इतके दिवस फळ्यावर बाण काढून जे समजवावं लागत होतं, ते मुलांनी एकदाच पाहिलं आणि एका मुलीनं विचारलं, ‘‘मग रक्त दोनदा का जातं हृदयातून?’’ हा प्रश्न पडावा यासाठीच तर तो पाठ बनवलेला आहे.

व्हिडिओचं काम त्यामानानं लहान. संगणक सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक.बॅट या फायलींत सीडी ड्राइव्हचा, विंडोजआधीच्या डॉसच्या काळातला ड्रायव्हर आणि त्याच्या जोडीच्या एमएससीडेक्स या प्रोग्रॅमची ओळ राहिली होती. त्यामुळे विंडोज ड्राइव्हला डॉसच्या संथ पद्धतीनंच चालवत होतं. दोन्ही ओळींच्या आधी रेम, म्हणजे ही ओळ वाचू नकोस अशी खूण, लिहून त्या थांबवल्या, पुसल्या नाहीत, आणि त्याआधी एक स्टार्टअप फ्लॉपी करून ठेवली. मग सिस्टिमच्या परफॉर्मन्स पानावर ३२-बिट असं दिसू लागलं आणि व्हिडिओ सरळ चालला. सीडी दुप्पट वेगाच्या, म्हणजे सेकंदाला ३०० केबी देणाऱ्या ड्राइव्हसाठी बनवलेली आहे आणि हा ड्राइव्ह त्याहून बराच वेगवान आहे, तेव्हा व्हिडिओ अडखळायचं कारणच नव्हतं.

सध्याची स्थिती

मूळ सीडी आता बाईंच्या घरी स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असते. अभ्यासिकेत प्रत वापरतात. ती सीडी-आरवर कमी वेगात लिहिली आहे. सीडी-आरडब्ल्यू मुद्दाम टाळली, कारण तिची चकाकी कमी असते आणि बऱ्याच जुन्या ड्राइव्हना ती दिसतच नाही. बिन आणि क्यू फायली दोन वेगळ्या ठिकाणी ठेवल्या आहेत. भाच्यानं त्या फायलींवरून त्याच्या लॅपटॉपवर ८६बॉक्समध्ये विंडोज ९५ उभं केलं, आणि तिथे निवेदन, अक्षरं आणि रक्त तिन्ही व्यवस्थित आहेत. हा संगणक बसला तरी पाठ थांबणार नाहीत.

संगणक बंद करणं मुलांना शिकवलं आहे. एटी कॅबिनेट आपोआप बंद होत नाही. शट डाऊन केल्यावर आता बंद करायला हरकत नाही अशी केशरी अक्षरं येईपर्यंत थांबायचं आणि मगच बटण दाबायचं. घाई केली तर हार्ड डिस्कवरच्या फायली तुटतात.

दोन कामं बाकी आहेत. प्रश्नांच्या शेवटी प्रमाणपत्र छापायचं बटण आहे आणि त्याला समांतर पोर्टचा प्रिंटर लागतो. एक डॉट मॅट्रिक्स मिळतोय, पण त्याची रिबन ओली होईल अशी शाई शोधायची आहे. दुसरं, सीडी ड्राइव्हचा ट्रे कधी कधी अर्ध्यावर अडतो. आतला रबरी पट्टा सैल झालाय. लॅमिंग्टन रोडच्या त्याच गाळ्यात पुढच्या बाजूला इअरफोनचं भोक असलेला आणखी एक ड्राइव्ह बाजूला ठेवायला सांगितलाय, तो पावसाळ्याआधी आणून तपासणार आहे.